मी अडकेन, तुम्ही थांबा

फोन आला तेव्हा मी इंदूरबाहेर राऊ गावात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. फोन दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा. "अवि, सुनंदा गेली रे. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती, तिथेच..." त्याचा आवाज अगदी रोजचा होता, सिलिंडर संपला म्हणून सांगावं तसा. मी "बरं, येतो" म्हणालो, आणि फोन ठेवून हातातली उत्तरपत्रिका तपासून पूर्ण केली. बेरीज केली, सही केली, गठ्ठा बांधून कपाटात ठेवला. शेजारच्या सरांनी चहा मागवू का विचारलं, तर हो म्हणालो आणि तो प्यालोही. मग गाडी काढली. शहरात बडा गणपती भागात दादाच्या घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच गोष्ट होती, की वहिनीच्या कीर्तनासाठी घेतलेलं देवळाचं सभागृह आता रद्द करायला सांगावं लागेल. दुसरं काही सुचत नव्हतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही. येईल, असं लोक म्हणतात. मी त्यांना हो म्हणतो.

सुनंदावहिनी लग्न होऊन धारहून आमच्या घरी आली तेव्हा मी अकरावीत होतो. ती बोलताना अडकायची. थोडंथोडकं नाही, चांगलंच. एखाद्या अक्षरावर गाडी थांबली की थांबलीच. मान किंचित उजवीकडे वळायची, डोळे मिटायचे, आणि समोरच्या माणसाची चुळबूळ सुरू व्हायची. मुलगी बघायला आम्ही गेलो होतो तेव्हा दादानं तिला नाव विचारलं, ती "सु" वर अडकली आणि तिच्या वडिलांनी पुढचं सांगून टाकलं. तिची आणि दादाची पहिली ओळख ही अशी. आमचा दादा म्हणजे बोलका पोपट. घरी परतताना बसमध्ये तो मला म्हणाला, "अपने को तो जम गयी यार. मला बोलायला भरपूर जागा मिळेल." आणि ती त्यानं पुढे पस्तीसेक वर्षं मनसोक्त वापरली. वहिनीनं वाक्य सुरू करायचं आणि दादानं ते पुरं करायचं. भाजीवाल्यापाशी, डॉक्टरकडे, मुलीच्या शाळेत, सगळीकडे "तिला म्हणायचंय की..." असं म्हणून तो पुढे सरसावायचा. त्याच्यासारखा भला माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्याच्या त्या भलेपणातच खरी अडचण होती. आम्हीही तेच करायचो. घरात ज्याच्या हाती वहिनीचं वाक्य लागेल तो ते संपवायचा. ती बँकेत नोकरीला होती, तिथेसुद्धा साहेबांनी तिला कायम मागच्या टेबलावर ठेवलं, जिथे लोकांशी बोलावं लागत नाही. ती तिथून निवृत्त झाली तेव्हा भाषण तिच्या वतीनं दादानंच केलं. छान झालं होतं.

आमचं घराणं होळकरांच्या दरबारातलं. पणजोबा कुठल्याशा खात्यात कारभारी होते, एवढं सांगण्यापलीकडे त्यांच्यानंतर आम्ही कोणी काही केलं नाही. नोकरी, पेन्शन, दिवाळीला अनारसे. पाय पसरायचे म्हटले की आमच्याकडे सगळे आधी अंथरूण बघायला धावतात. ही बाई मात्र निराळी. "अंथरूण शि-शिवतं कोण? आपणच ना?" असं तिचं म्हणणं. दर काही वर्षांनी ती काहीतरी अचाट ठरवायची. चाळिशीच्या सुमाराला स्कूटर शिकली, आणि राजवाड्याच्या गर्दीतून ती चालवून दाखवली. मग पोहायला लागली. एकदा बँकेतल्या बायकांबरोबर हिमालयात ट्रेकला गेली आणि गुडघे धरून परत आली. सतार आणली, ती काही जमली नाही. शेवटी भाचीला देऊन टाकली, पण त्याचं दुःख वगैरे केलं नाही. तिची एक पद्धत होती. नवीन काही ठरवलं की ते पहिल्यांदा अशा माणसाला सांगायचं जो नक्की हसेल. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "हसून झालं की तो मो-मोकळा होतो, आणि मीही. आणि कोणी हसलंच नाही, तर समजायचं की आपण फार ल-लहान काही ठरवलंय." बहुतेक वेळा हसण्याचा मान माझा असायचा.

निवृत्तीनंतरच्या दसऱ्याला आम्ही सगळे दादाकडे जमलो होतो. सोनं देऊन झालं, जेवणं झाली, पानं पुढे आली. वहिनी म्हणाली, "मी की-की-कीर्तन..." आणि थांबली. दादानं लगेच उचललं, "कीर्तनाला जायचं म्हणतेय. जाऊ की, राममंदिरात असतंच." वहिनीनं डोळे उघडले. "न-नाही. क-करणार. मी."

मी हसलो. मनापासून हसलो. वहिनी माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवत होती. दादा मात्र हसला नाही. तो घाबरला होता. "अगं, पण बोलावं लागतं त्यात. दोन दोन तास," तो म्हणाला. "म-म्हणूनच तर," ती म्हणाली.

आमच्या भागात एक वृद्ध कीर्तनकार राहतात. सगळे त्यांना बुवाच म्हणतात. वहिनी त्यांच्याकडे जायला लागली आणि पेटीची साथ करायला मला घेऊन जाऊ लागली, कारण घरात पेटी वाजवणारा मी एकटाच. गाताना ती अजिबात अडकत नसे. अडकणाऱ्या बऱ्याच माणसांचं असं असतं म्हणतात. आवाज गोड होता, अभंगाला तर फारच शोभायचा. बुवा खूश झाले. पण कीर्तनात नुसतं गाणं नसतं, मधलं निरूपण असतं, आख्यान सांगायचं असतं, आणि ते साध्या बोलण्यात. तिथे गाडी अडे. बुवांनी अनुभवी माणसाचा तोडगा काढला. "हे बघा सुनंदाताई, सगळं चालीत बांधून टाकू. निरूपणही गाऊनच म्हणा. लोकांना कळणारसुद्धा नाही." वहिनीनं पाणी पिऊन घेतलं आणि सावकाश सांगितलं, की मग ते तिचं कीर्तन होणार नाही. तिला बोलायचंय. भरल्या सभेत, जसं येतं तसं. अडकत अडकत, पण आपलं वाक्य आपण पुरं करायचं, आणि सभेनं तोवर थांबायचं. एवढंच तिला हवं होतं. बुवांनी झांज पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ताई, साठ वर्षं कीर्तन करतोय. सभेला हसवलंय, रडवलंय, नाचवलंय. थांबवलेलं नाही कधी." वहिनीचा चेहरा असा उजळला, जसं काही हे ऐकायलाच ती आली होती.

आख्यानासाठी तिनं टिटवी निवडली. समुद्रानं अंडी नेली म्हणून चोचीचोचीनं समुद्र उपसून कोरडा करायला निघालेली ती टिटवी. बुवांनी कपाळाला हात लावला, कारण वहिनीला सगळ्यात अवघड जाणारं अक्षर म्हणजे ट. मी म्हटलं, "वहिनी, सरळ खारीची गोष्ट घे ना. दगडबिगड वाहते, पुण्यवान आहे, आणि तुला ख येतो." ती म्हणाली, "खारीला रा-रामाची साथ होती, भावजी. ही एकटीच नि-निघालीय."

अनोळखी माणसांपुढे बोलायची सवय व्हावी म्हणून ती सकाळी सिटीबसनं भंवरकुआंला जायची. तिथे क्लासेसची मुलं-मुली हजारोंनी. भिंतींवर पहिल्या आलेल्यांचे फोटो, चहाच्या टपऱ्यांवर वाफा आणि पुस्तकं. तिला तो भाग फार आवडे. "तिथे सगळ्यांनीच क-काहीतरी मोठं ठरवलंय. मी खपून जाते," ती म्हणायची. कोणाही मुलापुढे उभं राहून विचारायचं, "बेटा, रा-रा-राऊ की..." आणि मुलगा बिचारा लगेच, "बस ना आंटी? सामने से मिलेगी." दुसऱ्याला विचारावं तर तो हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा. इंदूरची माणसं मदतीला इतकी तत्पर, की तिचं एकही वाक्य कोणी शेवटापर्यंत जाऊ दिलं नाही. एकदा मात्र ती फुलून घरी आली. एका मुलीनं तिचा प्रश्न अख्खा ऐकून घेतला होता. "धी-धीराची होती का?" म्हणून मी तिचीच नक्कल करत विचारलं. तिला माझ्या नकलेचा कधी राग येत नसे, दादाला यायचा. वहिनी म्हणाली, "छे, तिला झो-झोप येत होती. अभ्यास करून उभ्या उभ्या पेंगत होती. पण थां-थांबली."

पहिलं कीर्तन राममंदिराच्या सभागृहात झालं. सगळं मराठी मंडळ लोटलं होतं, ओळखीचे, नात्यातले, बँकेतले. जांभळी नऊवारी नेसून, झांज घेऊन वहिनी उभी राहिली, आणि नमन असं गायली की मागच्या रांगेतली कुजबुज बंद झाली. मग ती बोलायला लागली. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अडकली. मान वळली, डोळे मिटले. मी पेटीवरून हात काढून बसलो होतो, तबलजीलाही आधी सांगून ठेवलं होतं. पण दुसऱ्या रांगेतल्या एक आजी टाळी देत म्हणाल्या, "रामकृष्णहरी..." आणि अख्ख्या सभेनं ते उचललं. कीर्तनाची रीतच आहे ती. बुवा दमले, घोटभर पाणी प्यायचं झालं, की श्रोते नामाचा गजर करून जागा भरून काढतात. लोकांनी तेच केलं. प्रेमानं केलं. वहिनी अडकली की गजर. पुन्हा अडकली की पुन्हा गजर, आधीपेक्षा जोरात. टिटवीपाशी ती "टि-टि-टि" करत राहिली, तर काहींना वाटलं की पक्ष्याचा आवाज काढतेय, आणि त्यांनी चक्क दाद दिली. गजर थांबेपर्यंत वाक्याचं टोक हातातून गेलेलं असायचं, मग ती पुढच्या वाक्याला हात घालायची. दोन तासांत नाम भरपूर झालं. टिटवी समुद्रापर्यंत पोचलीच नाही.

आरतीनंतर बायकांनी तिच्या पाया पडायला रांग लावली. किती रंगलं, असा आनंद बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता, असं एकेक जण सांगत होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं. दादाला तर आकाश ठेंगणं झालं होतं. घरी आल्यावर तो पेढे वाटायला लागला, तेव्हा वहिनी खुर्चीत बसून म्हणाली, "झा-झालं नाही."

"काय झालं नाही?" दादानं विचारलं. "एवढे लोक, एवढा गजर... अगं, बडे-बडे बुवांना होत नाही असा."

"मी बो-बोललेच नाही. तुम्ही सगळे बोललात."

दादा पेढ्यांचा डबा हातात धरून उभा राहिला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. सगळं आयुष्य ज्याला आपण माया समजत आलो, त्याचं काय करायचं, हे त्याला कळेना. मलाही कळलं नसतं. मग वहिनीनं त्याला जवळ बसवून घेतलं आणि पुढचं ठरवून टाकलं. कीर्तन पुन्हा करायचं, त्याच सभागृहात, त्याच लोकांपुढे. या वेळी नमनाआधीच सांगायचं, "मी अडकेन, तुम्ही थांबा." आणि दादानं पहिल्या रांगेत बसायचं. कोणी गजराला तोंड उघडलं, तर हात वर करून त्याला थांबवायचं. "मी?" दादा म्हणाला. "तु-तुम्हीच. तुम्ही थांबलात तर इंदूर थां-थांबेल." आम्ही तिघंही हसलो. तो दिवस चांगला होता.

त्यानंतर घरी तालीम सुरू झाली, ती वहिनीची नव्हे, दादाची. वहिनी चहा टाकता टाकता वाक्य सुरू करायची आणि दादानं ते संपवायचं नाही. बघवत नसे. ती अडकली की याचे ओठ हलायला लागायचे. तोंडात सुपारी धरून बघितली, उठून बाल्कनीत जाऊन बघितलं. एकदा न राहवून शब्द बाहेर पडला तेव्हा स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला. पण हळूहळू जमायला लागलं. थांबल्यावर भलत्याच गोष्टी त्याला कळू लागल्या. एका रविवारी मी पोहे खायला गेलो होतो. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अवि, सही में सांगतो. मी इतकी वर्षं तिचं म्हणून जे बोललो ना, त्यातलं अर्धं ती म्हणतच नव्हती. तिचं वाक्य वेगळीकडेच जातं." मी विचारलं, "म्हणजे कुठे?" तर म्हणाला, "कुठंही. मला आता गंमत वाटते. मी बसून राहतो, बघत, की कुठे जाईल."

आणि मग तो फोन आला. पुढचं सगळं होतं तसं होत गेलं. मुलगी विमानानं आली. मी माणसांना सतरंज्या दिल्या, पाणी दिलं, रजेचा अर्ज दिला. अकराव्यापासून तेराव्यापर्यंत सगळं झालं, आणि त्या सगळ्यात मी कुठेतरी बाहेर, काचेपलीकडे असल्यासारखा होतो. दादाही तसाच. तो तर बोलतच नव्हता. चौदाव्याला मी त्याला सभागृहाचं विचारलं, की रद्द करायचं राहून गेलंय, फोन करू का. त्यानं नाही म्हणून मान हलवली. बुवा भेटायला आले होते, ते म्हणाले, "त्या दिवशी मी उभा राहतो. ताईंच्या नावानं." दादानं हात जोडले. "नको बुवा," तो म्हणाला. "तारीख तिची आहे."

म्हणून मग ठरल्या दिवशी आम्ही गेलो. लोक आले. मागच्यापेक्षा जास्तच आले असतील. मागच्या वेळच्याच जागेवर मी पेटी मांडली, तबलजी बसला. कशासाठी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. माळ घातलेला फोटो दादानं ठेवू दिला नव्हता, त्यामुळे समोर नुसती मोकळी जागा होती. त्या जागी दादा जाऊन उभा राहिला. हा माणूस लग्नमुंजीत माईक सोडत नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या वतीनं बोलतो. तो म्हणाला, "आज सुनंदाचं कीर्तन होतं. सुरुवातीला ती तुम्हाला एक गोष्ट सांगणार होती. ती म्हणणार होती, की..."

पुढे शब्द आला नाही. दादाचे ओठ हलले, बंद झाले. त्यानं डोळे मिटले. सभेत एक हुंदका आला, मग टाळीचा एक हलका ठोका, आणि मागून कोणीतरी दबल्या आवाजात, "रामकृ..."

दादानं हात वर केला.

गजर तिथेच मिटला. हात वर धरून, डोळे मिटून तो उभा राहिला. मी पेटीचा भाता दाबून बंद धरला होता. बुवा मान खाली घालून बसले होते. पंख्यांचा आवाज येत होता, बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. दादाला काय म्हणायचंय ते त्या सभागृहात मला माहीत होतं, त्याच्या मुलीला माहीत होतं, बुवांना माहीत होतं. कोणीही ते म्हटलं नाही. दादानंही नाही. तो हात वर धरून उभाच होता, आणि समोर तीच माणसं, तीच सभा, वहिनीला हवी होती तशी, गच्च भरलेली आणि गप्प, एकही शब्द मध्ये न घालता, जिचं बोलणं आता कधीच सुरू होणार नव्हतं तिच्यासाठी थांबून राहिली होती.